काळविटाचा वेग कोठे हरतो?

आज एक कोडे घालतो. आपल्या मराठवाड्याच्या माळावर एक प्राणी राहतो. वजन सातवी-आठवीतल्या मुलाइतके, पण धावू लागला की ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरपर्यंत वेग गाठतो. दूरवर काही हलले तरी त्याच्या लक्षात येते. धडधाकट, पूर्ण वाढ झालेल्या अशा प्राण्याला पळून गाठणे लांडग्यालाही सहजासहजी जमत नाही. आणि तरीही हाच चपळ, सावध प्राणी उन्हाळ्यात विहिरीत पडून मरतो, रात्री मोटारीखाली सापडतो, गावकुत्र्यांच्या तावडीत सापडतो. ज्याला लांडगा हरवू शकत नाही, त्याला विहीर कशी हरवते?

हा प्राणी म्हणजे काळवीट. या कोड्याचे उत्तर प्राणिशास्त्राच्या पुस्तकात आहे, तितकेच तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातही आहे. अंतर, वेग, कोन आणि प्रकाश एवढ्या चार गोष्टी घेऊन आपण ते सोडवू या.

काळवीट पाहायला फार लांब जावे लागत नाही. मुकुंदवाडी स्थानकावर मनमाडकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत बसा. दौलताबाद, पोटूळ, लासूर, परसोडा ही स्थानके मागे पडली की वैजापूरचे रोटेगाव येते आणि पुढे येवला तालुक्यातील नगरसूल. वैजापूर आणि येवला या दोन्ही तालुक्यांच्या माळरानांवर आणि शेतांत काळविटांचे कळप आहेत. येवल्यातील ममदापूरचे संवर्धन राखीव क्षेत्र मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. नशीब असेल तर गाडीच्या खिडकीतूनही एखादा कळप दिसतो.

हरिण म्हणजे नेमके कोण?

आपण बोलताना सगळ्यांनाच 'हरिण' म्हणतो. पण शास्त्रज्ञ येथे दोन वेगळी कुळे मानतात. सांबर, चितळ, बारशिंगा हे मृगकुळातले. त्यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची आणि फांद्या फुटलेली असतात. ती दरवर्षी गळून पडतात व नवी येतात. काळवीट, चिंकारा आणि नीलगाय मात्र गाय-शेळीच्या कुळातली आहेत. त्यांच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो व त्यावर नखासारख्या पदार्थाचे आवरण असते. अशा शिंगांना फांद्या फुटत नाहीत आणि ती जन्मभर टिकतात. काळविटाच्या नराची मळसूत्रासारखी पिळदार शिंगे दीड-दोन फूट, क्वचित त्याहून लांब होतात. मादीला बहुधा शिंगे नसतात.

वयात आलेल्या नराची पाठ गडद तपकिरी ते काळी असते, पोट व डोळ्यांभोवतीची कडी पांढरी असतात. मादी आणि पाडसे पिवळसर बदामी रंगाची असतात. नराचे वजन सरासरी ३५ ते ४० किलोग्रॅम, मादीचे त्याहून कमी. खांद्यापाशी उंची सुमारे ८० सेंटिमीटर. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

थंडीचे शरीर, उन्हाचे शरीर

प्राण्याचे शरीर त्याच्या जागेशी कसे जुळलेले असते हे समजण्यासाठी क्षणभर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. अलास्का, कॅनडा, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया येथील बर्फाळ जंगलांत मूस नावाचा प्राणी राहतो. आपल्या सांबराच्याच कुळातला, पण त्या कुळातला सर्वांत मोठा. मोठ्या नराचे वजन ५०० किलोग्रॅमच्याही वर जाते आणि खांद्यापाशी उंची माणसाच्या डोक्याइतकी किंवा त्याहून जास्त असते.

समजा, आपण ५०० किलोग्रॅमचा मूस आणि ४० किलोग्रॅमचे काळवीट शेजारी शेजारी उभे केले. मूस साडेबारा पट जड. आता भूमिती आठवा. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे घनफळ १ आणि पृष्ठफळ ६. बाजू २ सेंटिमीटर केली की घनफळ ८ होते, पण पृष्ठफळ २४ च होते. म्हणजे घनफळाच्या प्रत्येक एककामागे पृष्ठफळ ६ वरून ३ वर आले. वस्तू मोठी झाली की आतल्या पदार्थाच्या मानाने तिची कातडी कमी पडते. साडेबाराचे घनमूळ सुमारे २.३ आहे. म्हणून काळविटाला प्रत्येक किलोग्रॅममागे मूसच्या सव्वादोन पटींहून अधिक त्वचा मिळते.

शरीरातली उष्णता त्वचेवाटे बाहेर जाते. मूसला ती आत राखायची आहे, म्हणून मोठे शरीर आणि दाट केस त्याच्या सोयीचे. मराठवाड्यातील मे महिन्याच्या उन्हात काळविटाला ती बाहेर टाकायची आहे, म्हणून सडपातळ शरीर, बारीक पाय आणि आखूड केस त्याच्या सोयीचे.

पण जुळणी जितकी नेमकी, तितका धोका मोठा. कारण जागा बदलली की तीच जुळणी अंगाशी येते. उन्हाळ्यात हवेचे तापमान १४ अंश सेल्सिअसच्या वर गेले तरी मूसला उष्णतेचा त्रास सुरू होतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात त्याच्यावर आणखी एक संकट आले आहे. हिवाळ्यात एकेका मूसच्या अंगावर हजारो गोचिडी रक्त पीत असतात. वसंतात त्या गळून पडतात. पूर्वी त्या बर्फावर पडत आणि बऱ्याच मरत. आता बर्फ लवकर वितळतो, गोचिडी वाचतात आणि पुढच्या वर्षी त्यांची संख्या वाढते. अनेक वासरे रक्त कमी होऊन पहिला हिवाळाही काढू शकत नाहीत. मूसचे शरीर पूर्वी होते तसेच आहे, भोवतालचा हिवाळा तेवढा बदलला आहे. आपल्या काळविटाच्या बाबतीतही असेच घडले आहे. फक्त तेथे हवा बदलली, येथे जमीन बदलली.

माळावरचे जीवन

काळवीट हा उघड्या गवताळ माळाचा रहिवासी. दाट जंगल त्याला मानवत नाही. माद्या आणि पाडसे कळपाने राहतात, तरुण नरांचे टोळके वेगळे असते आणि बलवान नर आपली हद्द आखून राहतो. डोळ्यांजवळच्या ग्रंथीतून निघणारा वासाचा द्रव तो काड्या-काटक्यांवर पुसतो आणि ठरावीक ठिकाणी लेंड्यांचे ढीग घालतो. हीच त्याची हद्दीची पाटी. दुसरा नर आत आला की शिंगाला शिंग भिडते.

मादीला साधारण सहा महिन्यांनी बहुधा एकच पाडस होते. सुरुवातीचे काही दिवस पाडस गवतात अंग चोरून निपचित पडून राहते आणि आई दूर चरत राहते. गवत उंच असेल तर ही युक्ती उत्तम चालते.

चिंकारा बरेच दिवस पाण्यावाचून राहू शकतो. काळविटाला तसे जमत नाही. उन्हाळ्यात गवत वाळले की त्याला नियमित पाणी लागते. हीही गोष्ट लक्षात असू द्या.

शर्यतीचे गणित

काळविटाचा वेग काही हौस म्हणून आलेला नाही. हजारो वर्षे त्याच्या मागे चित्ता धावत होता. राजेरजवाडे पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करत. आपल्या कोल्हापूर संस्थानात हा छंद विसाव्या शतकातही चालू होता आणि त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात. भारतातला मूळचा चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे चित्ते पुन्हा आणले, तेही आफ्रिकेतून.

आता शर्यत मांडू या. चित्त्याचा वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर धरा. काळविटाचा ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. दोघांमधले अंतर दर सेकंदाला ८ मीटरने कमी होते. पण चित्ता एवढ्या वेगाने फार वेळ धावू शकत नाही. तो ३०० मीटर धावून दमतो असे धरले, तर त्याला सुमारे ११ सेकंद मिळतात. या वेळात तो काळविटाशी असलेले फक्त ८५ ते ९० मीटर अंतर भरून काढू शकतो. म्हणजेच चित्ता १०० मीटरवर असतानाच काळविटाने त्याला पाहिले आणि धूम ठोकली, तर ते वाचले!

वेग वाढवायला लागणारा वेळ आपण येथे सोडून दिला आहे, पण मुद्दा स्पष्ट होतो. काळविटाची खरी ढाल नुसता वेग नाही, तर पुरेसे लवकर पाहणे आणि मग समोर मोकळी जमीन असणे ही आहे. डोळे, पाय आणि माळ या तिघांची ही भागीदारी आहे.

आडवी बाहुली

डोळ्यांची रचनाही याच कामाची आहे. काळविटाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते. चरणाऱ्या अनेक प्राण्यांप्रमाणे त्याची बाहुली आडवी, लांबट असते. शेळीच्या डोळ्यात पाहा, तशीच. आडव्या बाहुलीतून क्षितिजालगतचा पट्टा स्पष्ट दिसतो आणि वरून येणारा उन्हाचा झगझगाट कमी आत शिरतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ साली असे दाखवले, की शेळ्या-मेंढ्यांसारखे प्राणी चरायला मान खाली घालतात तेव्हा त्यांचे डोळे खोबणीत फिरतात आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते.

रात्रीची सोय निराळी. दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक थर असतो. अंधुक प्रकाश एकदा दृष्टिपटलातून गेला, की हा थर त्याला परत पाठवतो आणि त्याचा दुसऱ्यांदा उपयोग होतो. बॅटरीच्या उजेडात गुरांचे डोळे चमकतात ते यामुळेच.

तर असा हा प्राणी क्षितिजावरचा शत्रू पाहण्यासाठी घडला आहे. जमिनीतला खड्डा पाहण्यासाठी नव्हे.

विहीर का दिसत नाही?

आता आपल्या कोड्याकडे वळू. समजा, माळालगतच्या शेतात ६ मीटर व्यासाची विहीर आहे. तिला कठडा नाही, तोंड जमिनीला सपाट आहे. कुत्रे मागे लागल्यामुळे काळवीट तिच्या दिशेने सेकंदाला २० मीटर वेगाने धावत आहे. खांद्याची उंची ८० सेंटिमीटर, त्यामुळे धावताना डोळे जमिनीपासून साधारण १ मीटर उंचीवर धरू.

काळविटाच्या डोळ्यापुढे १ मीटर अंतरावर एक काच उभी आहे अशी कल्पना करा. विहिरीच्या अलीकडच्या काठाकडून येणारा प्रकाशकिरण त्या काचेला कोठे छेदेल? काठ ५० मीटरवर असेल, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने डोळ्याच्या पातळीखाली १/५० मीटर, म्हणजे २० मिलिमीटरवर. पलीकडचा काठ ५६ मीटरवर आहे. त्याचा किरण १/५६ मीटर, म्हणजे सुमारे १८ मिलिमीटरवर. दोहोंतला फरक २ मिलिमीटर!

तुमच्या वर्गखोलीएवढी रुंद विहीर काळविटाला काचेवरच्या २ मिलिमीटर जाडीच्या रेघेएवढी दिसते. वाळलेल्या गवतात आणि ढेकळांत ती रेघ कोण ओळखणार?

'जवळ आल्यावर तरी दिसेल ना?' असे तुम्ही विचाराल. दिसेल, पण थांबायला जागा हवी. खूर आणि माती यांमधला घर्षणांक ०.७ धरला, तर सेकंदाला २० मीटर वेगातून थांबायला सुमारे २९ मीटर लागतात. म्हणजे विहीर ३० मीटरवर असतानाच ओळखू आली पाहिजे. त्या अंतरावर तिची रेघ साडेपाच मिलिमीटरची झालेली असते. आणि काठावर वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर उंचीचे गवत असेल तर? गवताच्या शेंड्यावरून जाणारी दृष्टिरेषा जमिनीला साडेसदतीस मीटरवर टेकते. विहीर संपते छत्तीस मीटरवर. म्हणजे वीतभर गवत अख्खी विहीर झाकून टाकते.

विहीर १२ मीटर, म्हणजे चाळीस फूट खोल आणि कोरडी असेल, तर तळाशी आदळताना वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर, ताशी ५५ किलोमीटर होतो. पाणी असेल तर प्राणी पोहतो, पण सरळ बांधलेल्या भिंतीवर खुरांना आधार मिळत नाही.

आता त्याच विहिरीला १ मीटर उंचीचा कठडा बांधू. ५० मीटरवरून हा कठडा आपल्या काचेवर किती जागा व्यापेल? खालची कडा २० मिलिमीटरवर आणि वरची कडा बरोबर डोळ्याच्या पातळीवर. म्हणजे २० मिलिमीटर, पूर्वीच्या दहापट! शिवाय कठडा जमिनीच्या वर उभा असतो, आणि उभी वस्तू ओळखण्यातच या डोळ्यांचा हातखंडा आहे. काळविटाचे डोळे सदोष नाहीत. आपण विहिरीचे तोंड त्याला वाचता येणार नाही अशा लिपीत लिहून ठेवले आहे.

रस्त्यावरचा प्रकाश

नागपूर आणि मुंबई यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून, वैजापूर तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. येथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर.

चालकाला समोर काही दिसले, की ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारे १ सेकंद जातो. तेवढ्यात ३३ मीटर संपले. मग दर सेकंदाला ७ मीटरने वेग कमी होत गेला, तर थांबेपर्यंत आणखी सुमारे ७९ मीटर. एकूण ११२ मीटर. खाली वळवलेल्या दिव्यांचा उपयुक्त प्रकाश मात्र साधारण ६० मीटरपर्यंतच पोहोचतो. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हाच हिशेब ताशी ८० किलोमीटरसाठी करा. उत्तर ५७–५८ मीटर येईल. प्रकाशाच्या पट्ट्यातच मोटार थांबते.

काळविटाची बाजू याहून बिकट. अंधाराला सरावलेल्या, मागे आरसा असलेल्या डोळ्यांत प्रखर झोत शिरला की ते दिपतात आणि प्राणी जागीच थबकतो. शिवाय एवढ्या वेगाने अंगावर येणारी वस्तू निसर्गात त्याने कधी पाहिलेलीच नसते. १२ मीटर रुंदीचा रस्ता ते सावकाश चालत, सेकंदाला दीड मीटर वेगाने ओलांडू लागले तर ८ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मोटार २६५ मीटर अंतर कापते. म्हणजे रस्त्यावर पाऊल टाकताना मोटार पाव किलोमीटर दूर असली तरी धोका आहेच.

मूसचीही अशीच फसगत होते. लांडगे आले की मूस पळण्यापेक्षा पाय रोवून उभा राहतो आणि खुरांनी लाथा झाडतो. लांडग्यापुढे ही रीत बरोबर आहे, मोटारीपुढे जीवघेणी. त्यात त्याचे पाय इतके उंच, की मोटारीचा धक्का पायांना बसतो आणि अवजड धड थेट समोरच्या काचेवर कोसळते. त्यामुळे अशा अपघातांत माणसेही दगावतात. म्हणून स्वीडन आणि फिनलंडमध्ये महामार्गांना उंच कुंपणे घातली आहेत आणि प्राण्यांसाठी ठरावीक ठिकाणी वाटा ठेवल्या आहेत. समृद्धी महामार्गावरही काही ठिकाणी वन्यप्राण्यांसाठी खालून आणि वरून जाण्याचे मार्ग बांधले आहेत. कुंपणाने टक्कर टळते, पण माळाचे दोन तुकडेही होतात. ते पुन्हा जोडण्याचे काम या वाटांनी करायचे आहे. बाकीच्या राज्यरस्त्यांना आणि गावरस्त्यांना मात्र ना कुंपण आहे, ना वाट.

माळ म्हणजे पडीक जमीन?

पण काळवीट मुळात रस्त्यावर आणि विहिरीपाशी येतेच का? कारण माळ उरलेला नाही. सरकारी दप्तरात गवताळ माळाला बहुतेक वेळा 'पडीक' म्हटले गेले. 'पडीक' म्हटले, की तेथे काहीतरी 'उपयोगी' करावे असे वाटू लागते. कोठे नांगर फिरला, कोठे वसाहत झाली, तर कोठे चांगल्या हेतूने दाट झाडी लावली गेली. झाडे लावणे चांगले, पण उघड्या माळावर लावलेली दाट झाडी काळविटाची दूरदृष्टी हिरावून घेते. मुकुंदवाडी हेही एके काळी शहराबाहेरचे खेडे होते, आज ते शहराच्या पोटात आहे. शहराची वेस अशी दर पिढीला पुढे सरकते आणि माळ तितकाच मागे हटतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली खास काळविटांसाठी अभयारण्य झाले. तेथे काळविटांना चांगले संरक्षण मिळाले. पण त्याचे क्षेत्रफळ आहे २.१७ चौरस किलोमीटर. ते चौरसाकृती असते, तर त्याची बाजू दीड किलोमीटरहूनही थोडी कमी भरली असती. सेकंदाला २० मीटर धावणारे काळवीट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सव्वा मिनिटात पोहोचेल. पुढे शेते, रस्ते आणि विहिरी.

शिकारीने काळविटांची काय दशा केली होती तेही सांगतो. जाणकारांच्या अंदाजानुसार १९४७ साली भारतात सुमारे ८०,००० काळविटे होती. १९६४ पर्यंत ती ८,००० वर आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घातले. विसाव्या शतकाच्या अखेरीस संख्या पुन्हा ५०,००० च्या आसपास पोहोचली. शेजारच्या पाकिस्तानातून मात्र काळवीट पार नाहीसे झाले होते. तेथे परत आणण्यासाठी ते अमेरिकेतील टेक्सासहून न्यावे लागले! आपल्याकडे कायद्याने बंदुकीचा धोका बराच कमी केला. विहीर, मोटार आणि कुत्रे यांना मात्र कायदा वाचता येत नाही.

शेतकऱ्याची बाजू

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. माळ गेल्यावर काळवीट चरते कोठे? कोवळ्या ज्वारीत, गव्हात, हरभऱ्यात. रात्रीतून कळप फिरून गेला तर कोरडवाहू शेतकऱ्याची महिन्याची मेहनत जाते. राज्य शासनाच्या पीक-नुकसानभरपाईच्या नियमांत हरणांचा समावेश आहे. पण पंचनामा आणि कागदपत्रे यांत शेतकऱ्याचे दिवस मोडतात. ज्याच्या शेतात काळवीट चरते, त्याच्याच विहिरीला कठडा नसतो. तोही बहुधा पैशाअभावीच. म्हणून प्राणी वाचवायचा तर शेतकऱ्याला सोबत घेऊनच. विहिरीचा कठडा शेतकऱ्याची गुरे आणि मुलेही वाचवतो, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. भरपाई वेळेवर पोहोचणे आणि उन्हाळ्यात शेतांपासून दूर, माळावरच पाणवठे भरलेले असणे या दोन गोष्टी झाल्या तर अर्धे भांडण मिटते.

कुत्रे, गर्दी आणि खचलेले काळीज

राहता राहिले कुत्रे. काळवीट थोड्या अंतराच्या शर्यतीत कुत्र्याला सहज मागे टाकते. पण मोकळा माळ नसेल, तारेची कुंपणे आणि नांगरलेली ढेकळे आड येत असतील, तर टोळीने धावणारी कुत्री त्याला दमवतात. नुसत्या पाठलागानेही प्राणी मरू शकतो. अतिश्रम आणि भीती यांमुळे स्नायूंत आम्ल साठते, शरीराचे तापमान भलतेच वाढते, स्नायूंचे तंतू तुटतात आणि त्यांतली द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडावर व हृदयावर आघात करतात. वरवर जखम दिसत नाही, पण सुटका झालेले काळवीट काही तासांनी किंवा दोन-चार दिवसांनी दगावते.

म्हणून विहिरीत पडलेले किंवा जखमी काळवीट दिसले, तर भोवती गर्दी करू नका, आरडाओरडा करू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. विहिरीच्या काठावर वाकू नका. कुत्र्यांना दूर ठेवा. मोठ्या माणसांकडून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवा. प्राणी बाहेर काढल्यावर जाणकार माणसे त्याचे डोळे कापडाने झाकतात, कारण दिसेनासे झाले की त्याची भीती कमी होते. आणि गवतात एकटे पडलेले पाडस दिसले, तर ते टाकून दिलेले आहे असे समजून उचलून घरी आणू नका. त्याची आई बहुधा जवळपासच चरत असते आणि तुम्ही जाण्याची वाट पाहत असते.

करून पाहा

शाळेच्या सपाट मैदानावर आपली विहीर एक-दशांश मापाने बनवू या. खडूने किंवा ओल्या मातीने ६० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा आणि ते काळपट रंगवा. वर्तुळाच्या अलीकडच्या कडेपासून ५ मीटर अंतरावर पालथे झोपा आणि हनुवटी जमिनीला टेकवा. आता तुमचा डोळा जमिनीपासून साधारण १० सेंटिमीटर उंचीवर आहे. सगळी मापे दहापटीने लहान केल्यामुळे कोन तेच राहिले आहेत. तुम्हाला जे दिसते, तेच काळविटाला ५० मीटरवरून दिसते.

मग ३ मीटरवर या आणि वर्तुळाच्या कडेला २ सेंटिमीटर उंचीच्या काड्या रोवून पाहा. वर्तुळ दिसते का? शेवटी त्याभोवती १० सेंटिमीटर उंचीची पुठ्ठ्याची पट्टी उभी करा आणि पुन्हा ५ मीटरवर जाऊन पाहा. प्रत्येक वेळी काय दिसले ते वहीत लिहा, आकृती काढा. सुट्टीत गावी जाल तेव्हा ती वही सोबत न्या. गावात कठडा नसलेल्या विहिरी किती आहेत ते घरच्या मोठ्यांना विचारून त्यांची यादी करा आणि आकृतीसह ग्रामपंचायतीत दाखवा. दहापट मोठी दिसणारी विहीर म्हणजे काय, हे तुम्ही त्यांना पाच मिनिटांत समजावून सांगू शकाल.